जागेवर की पोच?

या आठवड्याचं पत्र सांगलीहून आलंय. थोडं कापून देते.

“आमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे. वीस वर्षं दुकानाची कीर्द-खतावणी मी लिहिते. मुलाला जर्मनीत एमएससाठी प्रवेश मिळालाय. व्हिसासाठी तिकडच्या खात्यात ११,९०४ युरो भरायचे म्हणून बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा भराभर बोलत होता, टीटी सेलिंग, मार्कअप, अवर का शेअर्ड, एटू फॉर्म. निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी. मागे रांग होती. मी नुसती मान हलवली आणि फॉर्म तसाच घेऊन घरी आले. मुलगा म्हणतो, आई, हे सगळं इंग्रजीतच असतं, तू यात पडू नकोस. लाखालाखाच्या हिशेबपट्ट्या मी बिनचूक करते, आणि तिथे माझेच पैसे कसे पाठवायचे ते मला विचारता येईना. याला मराठी शब्द नाहीतच का? की आता मीच इंग्रजी शिकायला हवं? – एक आई, सांगली. ता. क. सही मराठीत केली तर चालते का? तो मुलगा विचारत होता, ‘इंग्लिश में नहीं करते?’”

ताई,

सही न करता घरी आलात, हे फार चांगलं केलंत. छत्तीस वर्षं मी बँकेत काढली, काही सांगलीला, काही साताऱ्याला, आणि शेवटची नऊ वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर. त्या टेबलासमोर मान हलवणारी माणसं मी रोज बघितली. त्यात द्राक्षबागायतदार होते, डॉक्टर होते, कॉलेजात शिकवणारे होते. हिशेब त्यांना चांगला कळायचा. पण आपली भाषा इथे चालत नाही असं एकदा मनाने घेतलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो, आणि प्रश्न न विचारण्याचे पैसे जातात. म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि या वेळी एवढ्या एकाच पत्राला उत्तर द्यायचं ठरवलं.

शब्द आहेत का, असं विचारताय. आहेत, आणि निम्म्याहून जास्त रोज तुमच्याच तोंडात असतात. परपेठेतल्या व्यापाऱ्याचा मालासाठी फोन आला की तुमच्या दुकानातून पहिला प्रश्न काय जातो? “भाव जागेवरचा की पोच?” जागेवरचा असेल तर गाडीभाडं, हमाली, वाटेतला खर्च घेणाऱ्याच्या अंगावर. पोच असेल तर त्याच्या गोदामात माल उतरेपर्यंतचं सगळं देणाऱ्याकडे. काउंटरवरच्या मुलाने “अवर का शेअर्ड” म्हणून विचारलं ते हेच होतं. इथून निघालेले युरो तिकडच्या बँकेत जाईपर्यंत वाटेत एखादी मधली बँक लागते आणि ती आपला आकार कापून घेते. “अवर” म्हटलं की तो सगळा खर्च पाठवणाऱ्याने इथेच भरायचा, तिकडे रक्कम पुरी पडते. “शेअर्ड” ऐकून निम्मं निम्मं वाटतं, तसं ते नसतं. आपल्या बँकेचा आकार आपण द्यायचा, मधल्या आणि पलीकडच्या बँकेचा पाठवलेल्या रकमेतून जाणार. तिसरा प्रकार “बेनिफिशरी”, त्यात सगळाच खर्च घेणाऱ्याच्या रकमेतून कापतात.

तुमच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. ११,९०४ युरो हा आकडा जर्मनीने ठरवून दिलाय, सप्टेंबर २०२४ पासून. विद्यार्थ्याकडे वर्षाच्या खर्चाची सोय आहे हे दाखवायला तेवढी रक्कम एका बंद, म्हणजे एकदम सगळी काढता न येणाऱ्या, खात्यात ठेवायची, आणि तिथे गेल्यावर मुलाला त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळणार. वाटेत वीस युरो कापले गेले तर खात्यात ११,८८४ दिसतील, म्हणजे रक्कम अपुरी. मग वीस युरो पाठवायला पुन्हा फॉर्म, पुन्हा आकार, पुन्हा चार दिवस, आणि इकडे व्हिसाची तारीख जवळ येतेय. तेव्हा काउंटरवर सरळ म्हणा, “मला पोच ११,९०४ युरो पाहिजेत. वाटेतला खर्च मी इथे भरते.” समोरच्याला पोच हा शब्द कळला नाही तर “तिकडे पुरे पोचले पाहिजेत” म्हणा. तिकडचं खातं ज्यांच्याकडे उघडलंय त्यांचा स्वतःचा काही आकार त्याच रकमेत धरून पाठवायचा असतो का, तेही मुलाला त्यांच्या पत्रात बघायला सांगा. असेल तर पोच आकडा तेवढ्याने वाढवायचा.

आता भावाचं. बँकेच्या फलकावर दोन रकाने असतात, बाय आणि सेल. लोकांचा घोळ इथे होतो, कारण आपण “मला युरो विकत घ्यायचेत” म्हणून बायच्या रकान्यात बघतो. फलक बँकेच्या तोंडून बोलत असतो. बाय म्हणजे बँक ज्या भावाने तुमच्याकडून घेते तो, सेल म्हणजे बँक ज्या भावाने तुम्हाला विकते तो. तुम्ही घेणार, म्हणजे तुमचा भाव सेलचा, आणि तो नेहमी चढाच असणार. हे तुम्हाला नवीन नाही. सराफाकडे पाटली घ्यायला गेलं की एक भाव आणि तीच पाटली मोडायला नेली की दुसरा, वर घट धरतात ती वेगळी. युरोचंही तसंच आहे. त्यातही नोटा हातात घ्यायच्या असतील तर एक भाव आणि खात्यातून खात्यात पाठवायचे असतील तर दुसरा. दुसऱ्याला ते टीटी म्हणतात. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, म्हणजे तारेने पाठवणं. आपल्या देशातली तार २०१३ साली बंद झाली, पण बँकेच्या बोलण्यात ती अजून आहे. नोटांचा भाव बहुधा महाग असतो, कारण नोटा आणायच्या, मोजायच्या, जपून ठेवायच्या.

मोबाइलवर युरोचा जो भाव दिसतो तो बँकांच्या आपसातल्या बाजारातला मधला भाव. त्या भावाने तुम्हाआम्हाला कुणीच देत नाही. त्यावर बँक आपला नफा चढवते, त्याला मार्कअप म्हणतात. नफा घेऊ नये असं माझं म्हणणं नाही, दुकान तुम्हीही चालवता. पण तो किती आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. “आत्ता बाजारात युरो काय चाललाय आणि तुम्ही मला काय लावताय?” एवढंच विचारायचं. गणित सोपं जावं म्हणून समजा एकाने १०० रुपये भाव दिला, तर ११,९०,४०० रुपये झाले. दुसऱ्याने १०१ रुपये ५० पैसे दिला. ऐकायला दीड रुपया, पण तुमच्या रकमेवर तो १७,८५६ रुपये होतो. एवढ्या रकमेला भाव कमी करून मिळतो, मी स्वतः वरिष्ठांना फोन करून कितीतरी लोकांना करून दिलाय. पण जो मागायचा त्यालाच. न मागणाऱ्याला आम्ही फलकावरचा लावायचो. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते असं आहे.

“कमिशन काही नाही” या पाटीलाही भुलू नका. २०१४ साली भाचीकडे निघाले तेव्हा विमानतळावरच्या एका काउंटरवर मी थोडे युरो घेतले. काचेवर मोठ्या अक्षरांत तीच पाटी होती. माझ्यामागे सात-आठ माणसं, विमानाची वेळ झालेली, म्हणून मी भाव न विचारता रुपये आत सरकवले. पावती हातात आली तेव्हा बघितलं. बाजारभावापेक्षा रुपयाला दहा पैशांहून जास्त वर. कमिशन खरोखरच घेतलं नव्हतं, ते भावातच बसवलेलं होतं. याच कामात केस पांढरे केलेली मी, मागच्या रांगेला भिऊन गप्प राहिले होते. म्हणून तुमची ती मान हलवणं मला इतकं कळलं.

तुम्ही करायचं ते एवढंच, की दुकानात करता तशी पट्टी करायची. पट्टीत मालाची रक्कम वर असते आणि हमाली, तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती काय पडलं ते खाली. इथे उलट, वर युरोची रक्कम गुणिले भाव आणि खाली एकेक खर्च मिळवत जायचा. बँकेचा पाठवणीचा आकार, मधल्या बँकेचा खर्च, जीएसटी. हा जीएसटी सगळ्या रकमेवर नसतो, घाबरू नका. चलन बदलून देण्याच्या सेवेची एक किंमत सरकारने ठरवलेली आहे, त्या किमतीवर १८ टक्के. वरच्या ११,९०,४०० रुपयांवर तो साधारण १,०२४ रुपये येतो. कुणी दोन लाख सांगू लागला तर उठून या.

मग टीसीएस. परदेशी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाखांच्या पुढे गेली की पुढच्या रकमेवर बँक हा कर कापते. शिक्षणासाठी त्याचा दर इतर बऱ्याच कारणांपेक्षा कमी असतो आणि तो अंदाजपत्रकात बदलत असतो, म्हणून आजचा दर बँकेतच विचारा. पैसे बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे असतील तर तो लागत नाही, घरचे असतील तर लागतो. हे पैसे बुडाले असं मात्र नाही. विवरणपत्र भरताना तुमच्या करात ते वळते होतात किंवा परत मिळतात. कीर्दीत खर्ची टाकू नका, येणे म्हणून दाखवा. आणि एटू फॉर्म म्हणजे पैसे कशासाठी चाललेत त्याचं प्रतिज्ञापत्र. त्यात कारण “शिक्षण” असंच पडलंय ना, ते सहीआधी बोट ठेवून बघा. कारण चुकलं की कराचा दर चुकतो.

दोन-तीन ठिकाणच्या पट्ट्या एकाच दिवशी, एकाच वेळेला करा. भाव दिवसातूनही हलतो, सकाळचा एकाचा आणि दुपारचा दुसऱ्याचा अशी तुलना होत नाही. ठरलं की “भाव बांधून द्या” म्हणा आणि आकडा कागदावर घ्या. शेवटी एकच प्रश्न, “माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि तिकडे किती युरो पडणार?” या दोन आकड्यांच्या मध्ये जे काय आहे ते सगळं या प्रश्नात येतं, मग त्याला कुणी मार्कअप म्हणो की आणखी काही.

एक धोका सांगते, कारण तुमच्या पेठेत हे सांगणारा कुणीतरी भेटतोच. “माझा माणूस आहे तिकडे. रुपये इथे द्या, युरो तिकडे घ्या, भावही चांगला देतो.” नाही म्हणा. हा हवाला झाला, १९९९ च्या परकीय चलन कायद्याने तो बेकायदेशीर आहे, आणि त्याला पोच नसते. मुलाच्या बंद खात्याला तर पैसे बँकेतून आल्याचा कागद लागतोच. सरळ वाट काही अरुंद नाही, एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत अशा कारणांसाठी पाठवता येतात.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात घोळतेय, ती तुमच्या मुलासाठी. “हे इंग्रजीतच असतं” असं तो म्हणाला. त्याला एकदा सराफ कट्ट्यावरून चालत न्या आणि सांगा की चलन बदलणं हा धंदा या गल्ल्यांत बँका येण्याआधीपासून होता. पेशवाईत रुपया एक नव्हता. टांकसाळीगणिक वेगळा रुपया, वेगळं वजन, वेगळा कस. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ तो वाजवून, पारखून बघायचा आणि काही वजा करून घ्यायचा. ते वजा करायचा तो बट्टा. आज आपण “नावाला बट्टा लागला” म्हणतो, तो तिथला. नाणं दगडावर टाकल्यावर जो आवाज यायचा तो खणखणीत, म्हणून खणखणीत माणूस. मोडून सुटा न केलेला, अख्खा रुपया तो बंदा. लांबच्या पेठेत पैसे पाठवायचे तर हुंडी. पेढीवर रुपये भरायचे, कागद घ्यायचा, तो काशीला किंवा सुरतेला दाखवला की तिथल्या पेढीने पैसे द्यायचे. दाखवल्याबरोबर पैसे मिळणारी दर्शनी, मुदतीने मिळणारी मुदती. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत लिहून द्यायचे ती पेठ, तीही हरवली तर परपेठ. आणि या सगळ्यासाठी पेढी जे घ्यायची ती हुंडणावळ. जुन्या मराठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दोन देशांच्या चलनांतल्या भावाला हुंडणावळीचा दर म्हणत. विनिमय दर हा शब्द मागाहून आला.

म्हणजे काउंटरवर जाऊन हुंडणावळ म्हणा असं नाही. तो मुलगा गोंधळेल, आणि त्याचा काही दोष नाही. मी तर म्हणते विनिमय दरही म्हणू नका. सरकारी कागदावरचे हे शब्द ठीक आहेत, पण तोंडात बसत नाहीत, आणि इंग्रजीइतकेच परके वाटून माणूस पुन्हा गप्प होतो. भाव म्हणा. आकार म्हणा. पोच म्हणा. यातला एक सरकारी शब्द मात्र मला फार आवडतो, गंगाजळी. देशाच्या शिलकीतल्या परकीय चलनाला हा शब्द ज्या कुणी लावला त्याला आपल्या देवघरातला गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू डोळ्यांपुढे दिसला असणार, सहसा न उघडायचा, पण घरात आहे एवढ्यानेच धीर देणारा.

आपल्याकडे पैसे बदलण्याला एक शब्द नाही, तीन आहेत, आणि तिन्हींचं काम वेगळं. शंभराची नोट देऊन दहा-दहाच्या घेतल्या तर ती मोडली, सुटे केले. कुणी सुटे म्हणतं, कुणी चिल्लर, आपल्याकडे “मोड आहे का?” असंही विचारतात. फाटकी नोट देऊन कोरी घेतली तर बदलली. चेक, हुंडी किंवा परदेशी नोट देऊन रोख रुपये घेतले तर वटवली. चेक परत आला की तो वटला नाही असं आपण म्हणतो, ते याच अर्थाने. आणि मोडणं नोटेवर थांबत नाही, ठेव मोडतात, दागिना मोडतात. त्या एका शब्दात पुष्कळ घरांच्या अडचणीच्या दिवसांची गोष्ट असते. जर्मन भाषेत यातल्या पुष्कळ कामांना ‘वेक्सल्न’ हा एकच शब्द पुरतो, नोट सुटी करायलाही आणि रुपयांचे युरो करायलाही. तिकडच्या दुकानात मुलगा नुसतं ‘वेक्सल्न’ म्हणाला तर हातातली नोट दाखवून म्हणावं, नाहीतर घोळ होईल. सुट्या पैशांना ते ‘क्लाइनगेल्ड’ म्हणतात, लहान पैसे. रोखीला ‘बार’. आणि तोंडाने युरो म्हणत नाहीत, ‘ऑइरो’ म्हणतात.

मुलाला हेही सांगा की जर्मन आकडे त्याच्या इंग्रजी शिकलेल्या मित्रांना जड जातील, त्याला जाऊ नयेत, जर त्याला मराठी उजळणी येत असेल. इंग्रजीत वीस-पाच म्हणतात, जर्मनीत पाच-आणि-वीस, आणि आपण पंचवीस. बत्तीस म्हणजे आधी दोन, मग तीस, त्यांचंही तसंच. दीडला त्यांच्याकडे एक स्वतंत्र शब्द आहे, ‘आन्डर्टहाल्प’. आणि घड्याळात अडीच वाजले की ते ‘हाल्प द्राय’ म्हणतात, तिसरा अर्धा. आपल्या अडीचच्या मुळातही हेच आहे, अर्धा तिसरा. तुम्ही त्याला लहानपणी पावकी-निमकी शिकवली असेल तर ती आता जर्मनीत कामाला येणार.

एका ठिकाणी मात्र फसायला होईल. आपला स्वल्पविराम आणि टिंब त्यांच्याकडे उलटे असतात. आपण अडीच युरो २.५० लिहू, ते २,५० लिहितात. आपण एक हजार १,००० लिहू, ते १.००० लिहितात. घरभाड्याच्या करारावर १.२०० दिसलं तर ते बाराशे आहेत, एक युरो वीस सेंट नाहीत. आणि बातमीत ‘मिलियार्डे’ आलं तर ते शंभर कोटी, आपलं अब्ज. इंग्रजी बिलियन तो हाच. पण त्यांच्याकडे ‘बिलियोन’ हाही शब्द आहे आणि तो त्याच्या हजारपट, एक लाख कोटी. हिशेबाच्या घरातला मुलगा आहे, एकदा समजलं की विसरणार नाही.

पाण्याची बाटली घेतली की छापील किमतीवर बहुतेक वेळा २५ सेंट जास्त लागतील. लुबाडलं असं त्याने समजू नये. ती बाटलीची अनामत, ‘फांड’ म्हणतात, रिकामी बाटली परत दिली की मिळते. त्या शब्दाचा दुसरा अर्थ गहाण. कार्डाने पैसे देताना मशिनने “रुपयांत की युरोंत?” असं विचारलं तर डोळे मिटून युरो. रुपये निवडले की भाव त्या दुकानाच्या मशिनचा लागतो आणि तो महाग पडतो. इथलं साधं कार्ड तिकडे वापरलं तर साडेतीन टक्क्यांपर्यंत वर जातात, म्हणून पहिल्या महिन्यापुरत्या थोड्या नोटा आणि एखादं प्रवासी कार्ड जवळ असावं. नोटा न्यायची मर्यादा ३,००० डॉलरच्या किमतीएवढी आहे. आपले रुपये जाताना २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, परत येताना रिक्षाभाड्याला ते हवेतच.

इंग्रजी शिकायला हवं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. शिकायचं तर हौसेने शिका, चांगलीच गोष्ट आहे. पण भिऊन नको. तुमचेच पैसे पाठवायला इंग्रजी येण्याची अट कुठेही नाही. बँकेचे रोजचे फॉर्म, पासबुकं, माहितीचे कागद इंग्रजी आणि हिंदीबरोबर त्या राज्याच्या भाषेतही असावेत अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पाचशेची नोट उलटी करून बघा, पंधरा भाषांचा रकाना आहे, त्यात आठवी ओळ आपली, पाचशे रुपये. काउंटरवर शांतपणे म्हणा, “मराठीत सांगा, आणि कागदावर लिहून सांगा.” काउंटरवरचा मुलगा बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला प्रशिक्षणात ते शब्द इंग्रजीतच मिळालेले असतात, मराठीत कसं सांगायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तुम्ही “पोच” म्हणालात तर दुसऱ्या वेळी तोही म्हणेल. माझ्या टेबलावर खानापूर तालुक्यातले एक गलाईचे व्यावसायिक यायचे. परराज्यात सोनं-चांदी गाळण्यात त्यांची हयात गेलेली. मी कुठलाही भाव सांगितला की ते म्हणायचे, “बाई, हा ढोबळ झाला. निव्वळ सांगा.” पुढे मी प्रत्येकालाच आधी निव्वळ सांगायला लागले.

रांगेचं म्हणाल तर दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला जा, सोमवार आणि महिन्याची पहिली तारीख टाळून. पैसे गेले की दोन-तीन दिवसांत बँकेकडून स्विफ्टची, म्हणजे तिने तिकडच्या बँकेला पाठवलेल्या संदेशाची, प्रत मागून घ्या. ती तुमची दुसरी पोच, पोचपावतीतली. त्यावर रक्कम, तारीख आणि खर्च कुणाकडे हे छापलेलं असतं. मुलाने तिकडच्या खात्यात ११,९०४ दिसतायत असं कळवलं की त्या प्रतीवर त्याची तारीख घाला आणि पट्टीला टाचून ठेवा. पुढच्या वर्षी विवरणपत्राला लागेल.

आणि ता. क. मधलं. सही मराठीत चालते. बँक सही जुळवते ती तुमच्या खात्यावरच्या नमुन्याच्या सहीशी. नमुना मराठीत असेल तर फॉर्मवरही मराठीतच करा. त्या मुलाचं ऐकून इंग्रजीत केलीत, तर मात्र फॉर्म परत येईल.